सहा दिवस आणि सहा कोटी वर्षे

लातूर आणि नांदेड ही शहरे आता डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांची झाली आहेत. 'नीट'च्या तयारीत उत्क्रांतीच्या प्रकरणाला बगल देता येत नाही. या मुलांत थोडी ख्रिस्ती घरांतलीही असतात. आठवडाभर डार्विन, आणि रविवारी देवाने सहा दिवसांत सृष्टी केल्याचा उत्पत्तीचा पहिला अध्याय! त्यांनी खरे काय मानायचे?

वास्तविक हा पेच दिसतो तेवढा अवघड नाही. निसर्गाविषयी बायबलच्या नावाने काहीबाही बोलून ख्रिस्ती माणसाने धर्माचे हसे करून घेऊ नये, असे संत ऑगस्टीनने दीड हजार वर्षांपूर्वीच बजावले होते. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल तर मठवासी धर्मगुरूच होता. मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करण्यास पोप बारावे पायस यांनी 1950 साली मोकळीक दिली. हा सिद्धांत निव्वळ तर्क उरलेला नाही, हे दुसरे जॉन पॉल यांनी 1996 साली मान्य केले. प्रॉटेस्टंटांतल्या काही मंडळ्या मात्र अजूनही सहा दिवस अक्षरशः धरतात. (अर्थात डार्विनशी भांडण ही ख्रिस्त्यांची मक्तेदारी नव्हे. 2018 साली वैदिक संमेलनासाठी औरंगाबादेत आलेले तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनीही डार्विनला चुकीचे ठरवले होते.)

खरी अडचण दिवसांची नाही, मरणाची आहे. पापामुळे मरण जगात आले, असे पौल सांगतो. पण मराठवाड्याच्या काळ्या मातीखालचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. डायनासोर त्याच सुमारास नष्ट झाले. तेव्हा माणूसच नव्हता, मग पाप कोणाचे? पौलाला आत्मिक मरण अभिप्रेत होते, असे काही धर्मपंडित म्हणतात. ठीक आहे, पण मुक्या जिवांच्या वेदनेचे काय?

डार्विनलाही हेच टोचत होते. 1851 साली त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी गेली. सुरवंटाला जिवंतपणी आतून खाणारा कीटक दयाळू ईश्वराने हेतुपूर्वक निर्माण केला, हे आपल्याला पटत नाही, असे त्याने 1860 साली एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिले. ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होता आणि अमेरिकेतला डार्विनचा खंदा पाठीराखाही. त्याने दोहोंपैकी काहीच सोडले नाही.

लातूर जिल्ह्याला हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात खडकातला साठलेला ताण मोकळा झाला आणि दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. ही कोणत्या पापाची शिक्षा? शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी नव्हती, असे खुद्द येशूने स्पष्ट सांगितल्याचे लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. वेदना का, याचे उत्तर तिथेही नाही. ख्रिस्ती माणूस त्यासाठी क्रुसाकडे बोट दाखवतो. जीवशास्त्राला ते सिद्ध करता येणार नाही, खोडताही येणार नाही.

उपासनेनंतर एखाद्या मुलाने डार्विनविषयी विचारले, तर पाळकांनी आधी लूकचा हा अध्याय उघडावा, असे आम्हांस वाटते. उत्पत्तीचा पहिला अध्याय मागाहून सावकाश वाचता येईल.