मोगरीच्या घाटाचा पटर

गोल्फमध्ये तीनशे यार्डांवर उडविलेला चेंडू आणि वीतभर ढकललेला चेंडू यांची गणना सारखीच होते. दोन्ही एकेकच फटके. अठरा खळग्यांच्या मैदानास सामान्यतः ७२ फटके प्रमाण मानतात, आणि त्यांपैकी ३६, म्हणजे दर खळग्यास दोन, हे अखेरच्या हिरवळीवर चेंडू घरंगळत नेण्यासाठी धरलेले असतात. हा खळगा गोट्या खेळणाऱ्या मुलांच्या गलीसारखाच. मात्र त्याची रुंदी १०८ मिलिमीटर अशी नेमून दिलेली आहे. त्यात चेंडू लोटण्याची काठी ती पटर. वडोदऱ्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात किंवा हैदराबादेस गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात हा खेळ ज्यांनी लक्षपूर्वक पाहिला असेल, त्यांच्या ध्यानी एक गोष्ट आली असेल. खेळाडू इतर काठ्या वर्षानुवर्षे सांभाळतो. पटर मात्र तो वरचेवर बदलतो, आणि हुकलेल्या प्रत्येक चेंडूचा दोष त्याच्याच माथी मारतो.

पटरचे घाट मुख्यतः दोन. एक पात्यासारखा अरुंद, त्याला ब्लेड म्हणतात. दुसरा मागे ऐसपैस पसरलेला, सुताराच्या मोगरीची आठवण करून देणारा; तो मॅलेट. आज दुकानांतून दुसऱ्याचा बोलबाला अधिक आहे, परंतु ही काही आजची टूम नव्हे. अमेरिकेतील स्केनेक्टडी या गावच्या आर्थर नाइट यांनी अॅल्युमिनियमच्या जाड डोक्याचा, दांडा जवळजवळ मधोमध बसविलेला पटर तयार केला आणि १९०३ साली त्याचे पेटंट मिळविले. पुढल्याच वर्षी वॉल्टर ट्रॅव्हिस हा अमेरिकन खेळाडू इंग्लंडात सँडविच येथे ब्रिटिश हौशी अजिंक्यपदासाठी उतरला. सरावात त्याचे पटिंग पार बिनसले होते. एका परिचिताने आपला स्केनेक्टडी पटर त्याच्या हाती दिला, आणि ट्रॅव्हिसने अजिंक्यपद पटकावले. ब्रिटनबाहेर ते प्रथमच गेले. यजमानांना ते झोंबले, हे सांगावयास नकोच.

१९१० साली सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबाने मोगरीच्या घाटाच्या काठ्यांवर बंदी घातली. पराभवाचा हा सूड होय अशी कथा पुढे रूढ झाली. ती खमंग आहे, म्हणूनच टिकली असावी. कारण बंदीला निमित्त झाला तो न्यूझीलंडमधील एका क्लबाने क्रोकेच्या मोगरीविषयी विचारलेला प्रश्न, आणि तोही ट्रॅव्हिसच्या विजयानंतर पाचसहा वर्षांनी. अमेरिकेच्या संघटनेने ही बंदी मानली नाही. १९५१ साली दोन्ही संस्थांनी एकत्र बसून नियम जुळविले, तेव्हा कोठे मधोमध दांड्याचा पटर ब्रिटनमध्येही निर्दोष ठरला. चाळीस वर्षे ज्या हत्याराने दोन संस्थांना एकमताने वागू दिले नाही, ते खरोखर खेळाडूचे किती काम करते, हे त्यामुळेच तपासून पाहण्यासारखे आहे.

दोरीवरून चालणारा डोंबारी हातात लांब बांबू आडवा धरतो. बांबूचे वजन त्याच्या शरीरापासून दूर दोन्ही टोकांकडे असल्याने तो सहजासहजी कलंडत नाही. मॅलेट पटरचे तत्त्व हेच आहे. चेंडू पटरच्या तोंडाच्या ऐन मध्यावर न लागता चवड्याकडे किंवा टाचेकडे लागला, की पटरचे डोके टोल्याच्या क्षणी किंचित पिळते. चेंडू वाट सोडतो आणि त्याचा वेगही घटतो. डोक्याचे वजन मध्यापासून दूर, कडांकडे व मागील बाजूस नेले म्हणजे या पिळाला होणारा विरोध वाढतो. तेवढेच वजन दुप्पट अंतरावर ठेवले तर विरोध चौपट होतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम. ब्लेडमध्ये वजन दूर नेण्यास जागाच थोडी. मॅलेटमध्ये ती मुबलक. म्हणून मध्य चुकलेला चेंडूही मॅलेट बऱ्याच अंशी सांभाळून घेतो. रुंद पाठीवर लांब रेघ आखता येते व नेम धरणे काहींना सोपे जाते, हा त्याचा दुसरा गुण.

परंतु त्याची मर्यादाही येथेच आहे, आणि विक्रेते तिच्याविषयी सहसा बोलत नाहीत. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे मुख्यतः टोल्याच्या क्षणी पटरचे तोंड कोणीकडे आहे यावर ठरते. ते एका अंशाने वळलेले असेल तर तीन मीटरांवर चेंडू सुमारे ५२ मिलिमीटर बाजूला जातो. खळग्याच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर ५४ मिलिमीटर! म्हणजे एका अंशाच्या चुकीने चेंडू कडेशी पोहोचतो. दोन अंशांनी तो खळग्याला स्पर्शही करीत नाही. हे तोंड हातांनीच वळविलेले असेल, तर मॅलेट ते सरळ करीत नाही. उलट, पिळाला विरोध करणारे डोके एकदा वळले की परत आणणेही जड जाते. मध्य चुकणे हा एक दोष, तोंड वळणे हा दुसरा. मॅलेटजवळ औषध आहे ते पहिल्याचे.

तेव्हा निवड करणाऱ्याने आधी आपला झोका ओळखावा. काहींचा पटर सरळ रेषेत मागेपुढे जातो, तर काहींचा दारासारखा किंचित कमानीत उघडतो व मिटतो. पटरचा दांडा बोटावर आडवा तोलून पाहावा. तोंड आकाशाकडे राहिले तर तो सरळ झोक्यास मानवतो. चवडा खाली झुकला तर कमानीच्या झोक्यास. सगळे मॅलेट पहिल्या प्रकारचे असतात हा समज चुकीचा आहे. दांड्याच्या मानेचा वाक बदलून चवडा झुकणारे मॅलेटही बनवितात, आणि कमानीत खेळणाऱ्याने तेच मागावेत.

लांबीही अशीच अंगाला बेतावी. बहुतेक पटर ३३ ते ३५ इंचांचे असतात. हात खांद्यांतून सैल लोंबते राहून डोळे चेंडूच्या रेषेवर किंवा किंचित अलीकडे येतील ती लांबी योग्य. तोंडाला तीनचार अंशांचा कल असतो, तो गवतात किंचित रुतलेला चेंडू उचलून पुढे घरंगळू देण्यासाठी. उष्ण प्रदेशातील जाड पात्याच्या, संथ हिरवळीवर तो फार कमी असून चालत नाही. नियमांची चिंता ग्राहकाने फारशी करू नये. डोक्याची रुंदी सात इंचांपेक्षा अधिक नसावी आणि ती त्याच्या खोलीपेक्षा जास्त असावी असे दंडक आहेत, ते कारखानदार पाळतात.

परीक्षा मात्र दुकानातील गालिच्यावर करू नये. तेथे उतार नसतो, वारा नसतो, पैजही नसते. आपला जुना पटर, नवा पटर आणि नेहमीच्याच बनावटीचे चेंडू घेऊन हिरवळीवर जावे. सपाट जागी तीन मीटरांवरून दोहोंनी वीस-वीस चेंडू खेळावेत. किती पडले एवढेच नव्हे, तर हुकलेले कोणत्या बाजूस गेले हेही टिपावे. मग मुद्दाम चवड्यावर आणि टाचेवर मारून चेंडू किती कमी पडतो ते मोजावे. मॅलेटचा खरा गुण येथे दिसतो. या कसोटीत जुन्याहून फरक दिसला नाही तर जादा पैसे कशासाठी मोजावयाचे? शेवटी दहा मीटरांवरून खेळावे. लांब अंतराचा अंदाज बोटांना कळणाऱ्या स्पर्शावर आणि कानांना कळणाऱ्या आवाजावर बेतलेला असतो, आणि मऊ तोंडाच्या जड मॅलेटने तो काहींचा हरवतो. हीच परीक्षा आठवड्याने पुन्हा घ्यावी, कारण नव्या पटरने पहिल्या दिवशी चेंडू पडतातच. नव्या नवरीसारखे त्याचे कौतुक चाललेले असते.

अलीकडचे उदाहरण स्कॉटी शेफलर या अमेरिकन खेळाडूचे. लांब फटक्यांत त्याची बरोबरी करणारे विरळा, पण हिरवळीवर तो अडखळत असे. २०२४ च्या फेब्रुवारीत रोरी मॅकिलरॉयने दूरचित्रवाणीवर त्याला मॅलेट वापरून पाहण्याचे सुचविले. मार्चमध्ये टेलरमेडचा ‘स्पायडर’ हाती घेऊन तो फ्लॉरिडातील बे हिल येथे पाच फटक्यांनी जिंकला, पुढच्याच आठवड्यात प्लेयर्स स्पर्धा जिंकला, आणि एप्रिलमध्ये मास्टर्सही. त्यानंतर तो पटर घेण्यासाठी हौशी खेळाडूंची झुंबड उडाली असेल तर नवल नाही. मात्र पटर बदलण्याच्या काही महिने आधीपासूनच शेफलरने पटिंगचे प्रशिक्षक फिल केन्यन यांच्या देखरेखीखाली सराव आरंभिला होता.