काटा उडाला म्हणजे इंजिन तापलं?
तापमानाचा काटा क्षणात लाल पट्ट्यावर उडून तसाच खाली आला, तर त्याने दाखवलेलं तापमान बहुधा खरं नसतं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. कित्येक लिटर कूलंट सेकंदात तापून निवत नाही. काट्याला जोडलेल्या तापमान-सेन्सरचा विद्युतरोध मात्र उष्णतेने घटतो. त्यामुळे एका वायरच्या जुन्या सेन्सरची वायर सोलवटून बॉडीला टेकली, तर रोध जवळपास नाहीसा होऊन काटा गरम दाखवतो. तुटली, तर थंड.

मग दुर्लक्ष करावं का? नाही. कूलंट घटलं की सेन्सरला कधी द्रव लागतो, कधी वाफ, आणि काटा तसाच नाचतो. सेन्सर कोरडा पडला, तर इंजिन करपतानाही काटा खालीच राहू शकतो. म्हणून गाडी थांबवून, इंजिन पूर्ण निवल्यावर आधी कूलंटची पातळी पाहावी. ती ठीक असेल, तरच वायरिंगकडे वळावं.