यंत्राला दम लागत नाही

वसई रोड स्टेशनवर संध्याकाळी विरार लोकलची वाट पाहत उभे राहिले की फलाटावरचा तो आवाज कानावर पडतोच. कोणत्या फलाटावर, किती वाजून किती मिनिटांची, धीमी की जलद, हे एका ठेक्यात सांगून तो थांबतो आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. माझ्या नववीच्या वर्गातला एक मुलगा या आवाजाची अशी बेमालूम नक्कल करतो की मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती घोळका जमतो. ‘ध्वनीचा अभ्यास’ हे प्रकरण सुरू करायच्या दिवशी मी त्यालाच फळ्यापाशी बोलावले आणि सगळ्या वर्गासमोर उद्‌घोषणा करायला लावली.

वर्ग नेमका कुठे हसतो याकडे माझे लक्ष होते. ‘नऊ वाजून’ म्हणून झाल्यावर तो कणभर थांबला आणि ‘बारा’ हा शब्द त्याने एकदम वरच्या पट्टीत घेतला. हशा तिथेच पिकला. पोराने आवाज तर उचलला होताच, आवाजातला सांधाही उचलला होता! तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “टीचर, त्या बाईंना दम कसा लागत नाही?” “अरे, ते रेकॉर्डिंग असते,” एवढे सांगून मी पुढे गेले. उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते. ते पुरे करायला बरेच दिवस लागले आणि त्यासाठी जपानच्या गाण्यांपर्यंत जाऊन यावे लागले.

आधी फलाटावरचे गणित पाहू. दिवसाची मिनिटे १,४४०. समजा, आठ फलाट आहेत आणि गाड्या दहा ठिकाणी जातात. प्रत्येक शक्यतेसाठी पूर्ण वाक्य वाचून ठेवायचे तर १,४४० × ८ × १० म्हणजे १,१५,२०० वाक्ये होतात. इतकी वाक्ये वाचायला कोण बसणार? त्याऐवजी तासांचे २४, मिनिटांचे ६०, फलाटांचे ८ आणि ठिकाणांचे १० असे १०२ तुकडे वाचून घेतले, की त्यांच्या जुळणीतून हवे ते वाक्य तयार होते. (गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर पळवावे.) मध्य रेल्वेवर अनेक वर्षे ऐकू येणारा सरला चौधरी यांचा आवाज असाच साठवलेला होता. त्या दुसऱ्या खात्यात गेल्या, तरी आवाज फलाटावरच राहिला. दम न लागण्याचे पहिले कारण हेच. प्रत्येक तुकडा ताज्या श्वासावर बोललेला असतो आणि मधला श्वास कापून टाकलेला असतो.

पण मग सांधा का कळतो? हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. मोबाइलवर एका मुलीच्या आवाजात दोन वाक्ये ध्वनिमुद्रित करा: ‘मी काल वसईला गेले’ आणि ‘तुम्ही कुठे, वसईला?’ आवाज कापता-जोडता येणारे एखादे साधे अॅप घेऊन दोन्हींतला ‘वसईला’ हा शब्द कापा आणि अदलाबदल करा. शब्द तोच, बोलणारी तीच, तरी वाक्य ठेचकाळते. प्रश्नातला ‘वसईला’ शेवटी वर चढतो, विधानातला खाली उतरतो. शब्द शेजाऱ्यांकडे पाहून आपला सूर ठरवतो.

अक्षरांचेही तसेच. मुलांना आरशासमोर उभे करा. ‘का’ म्हणायच्या अगदी तयारीत थांबायला सांगा, आवाज काढायचा नाही. मग ‘कू’ म्हणायच्या तयारीत थांबायला सांगा. दुसऱ्या वेळी ओठांचा चंबू आधीच झालेला दिसेल. अजून ‘क’ उच्चारलेलाही नाही आणि ओठ पुढच्या ‘ऊ’साठी तयार! बाराखडीत आपण ‘क’ एकच मानतो, तोंड तसे मानत नाही. म्हणून वर्णमालेतला एकेक वर्ण ध्वनिमुद्रित करून ते मण्यांसारखे ओवले तर त्यातून बोलणे तयार होत नाही, नुसता खडखडाट होतो.

यावर संशोधकांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. वर्णाच्या सीमेवर कापायचेच नाही. एका ध्वनीच्या मध्यापासून पुढच्या ध्वनीच्या मध्यापर्यंत कापायचे. ध्वनीचा मध्य त्यातल्या त्यात स्थिर असतो, सगळी उलथापालथ दोन ध्वनींच्या सीमेवर चालते. ती उलथापालथ तुकड्याच्या पोटात सुरक्षित राहते आणि जोड स्थिर जागी येतो. सुतार गाठीवर सांधा घेत नाही, तसेच हे.

ध्वनीचा मध्य स्थिर असतो म्हणजे काय असते? इथे थोडे भौतिकशास्त्र हवे. स्वरयंत्रातील पडद्यांच्या कंपनाने मूळ आवाज निघतो. तो ऐकला तर नुसती गुणगुण वाटेल. त्याला ‘आ’ किंवा ‘ई’ करते ती घशापासून ओठांपर्यंतची नळी. प्रौढ पुरुषात ती सुमारे १७ सेंटिमीटर असते. एका टोकाशी बंद असलेल्या नळीचे सूत्र लावा: ३४० भागिले (४ × ०.१७) म्हणजे ५०० हर्ट्‌झ. पुढचे अनुनाद १,५०० आणि २,५०० हर्ट्‌झला. जीभ आणि ओठ हलवून आपण नळीचा आकार बदलतो, तसे हे अनुनाद सरकतात. ‘आ’ म्हणताना पहिले दोन ढोबळमानाने ७०० आणि १,१०० च्या आसपास येतात, ‘ई’ म्हणताना ३०० आणि २,३०० च्या. खात्री करायची तर ‘ई, ए, आ, ओ, ऊ’ नुसते कुजबुजून म्हणा. कुजबुजताना पडदे कंप पावत नाहीत, तरी ओळीने उतरत जाणारा एक सूर ऐकू येतो. तो नळीचा सूर.

हे कळल्यावर यंत्राकडून बोलवून घेणे हा आकडेमोडीचा प्रश्न झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. व्ही. एस. राव आणि आर. बी. ठोसर यांनी संगणकाने वाणी घडवण्याच्या प्रयोगांसाठी केलेल्या प्रणालीवरचा शोधनिबंध १९७४ सालचा आहे. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत तर १९६१ सालीच संगणकाने एक गाणे म्हटले होते. ‘डेझी बेल’ हे ते गाणे. जॉन केली आणि कॅरोल लॉकबॉम यांनी संगणकाला शब्द म्हणायला लावले आणि मॅक्स मॅथ्यूज यांनी साथसंगत केली, तीही संगणकावरच. आर्थर क्लार्क यांनी ते तिथे ऐकले आणि ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात बंद पडत चाललेला संगणक हेच गाणे म्हणतो.

गाण्याची ही वाट पुढे जपानमध्ये रुंद झाली. यामाहा कंपनीने बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाच्या मदतीने ‘व्होकॅलॉइड’ नावाची प्रणाली तयार केली आणि २००३ मध्ये ती जाहीर केली. सूर आणि शब्द लिहून द्यायचे, संगणक ते गातो. आत असतात तेच मध्यापासून मध्यापर्यंतचे तुकडे, एका माणसाने निरनिराळ्या पट्ट्यांत गाऊन दिलेले. जपानी भाषेसाठी एका पट्टीत असे सुमारे ५०० तुकडे पुरतात, इंग्रजीसाठी सुमारे २,५०० लागतात. जपानीत स्वर पाचच आणि बहुतेक अक्षरे स्वरान्त, म्हणून हा फरक. मराठीला किती लागतील? जोडाक्षरे, ‘च’चे दोन उच्चार, ‘ळ’ हे सारे धरून मुलांना अंदाज बांधू द्या. एक तास मजेत जातो.

३१ ऑगस्ट २००७ रोजी साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने याच प्रणालीवरचा ‘हात्सुने मिकू’ हा आवाज बाजारात आणला. आवाज साकी फुजिता या अभिनेत्रीचा आणि चित्र हिरव्या-निळ्या केसांच्या सोळा वर्षांच्या मुलीचे. या आवाजासाठी सोयीची मर्यादाही कंपनीने दिली होती: सुमारे २२० ते ६५९ हर्ट्‌झ, म्हणजे दीड सप्तकाहून थोडे अधिक, आणि लय मिनिटाला ७० ते १५० मात्रा. मर्यादा दिली की ती मोडणारे पुढे येतातच. हजारो हौशी तरुणांनी या आवाजासाठी गाणी रचली. त्याच वर्षी आलेल्या ‘मिकूचे अंतर्धान’ अशा अर्थाच्या नावाच्या एका गाण्याची लय मिनिटाला २४० मात्रांची आहे. म्हणजे सेकंदाला चार मात्रा. मात्रेला दोनच अक्षरे घेतली तरी सेकंदाला आठ अक्षरे झाली. साधे बोलताना आपण पाच-सहा म्हणतो. ‘कच्चा पापड, पक्का पापड’ या वेगाने, सुरात आणि न थांबता म्हणून पाहा. यंत्राला जीभ हलवावी लागत नाही, ओठ मिटावे लागत नाहीत, श्वासही घ्यावा लागत नाही.

आता खरी गंमत. ही गाणी माणसे गाऊ लागली. अशा गाण्यांना जपानीत ‘उतात्ते मिता’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘गाऊन पाहिलं’! आपण ‘खाऊन पाहतो’, ‘करून पाहतो’, तसेच जपानी माणूसही प्रयत्न सांगायला ‘पाहणे’ हेच क्रियापद जोडतो. इतक्या दूरच्या भाषेत आपली वाक्यरचना भेटावी याचा मला फार आनंद झाला.

गाऊन पाहणाऱ्यांत बहुतेक विशी-पंचविशीतले. त्यात एक नाव वेगळे आहे, साचिको कोबायाशी. जन्म १९५३ चा, पहिले ध्वनिमुद्रण वयाच्या दहाव्या वर्षी. ‘एन्का’ या जुन्या वळणाच्या विरहगीतांची ही गायिका. जपानमध्ये ३१ डिसेंबरच्या रात्री दूरदर्शनवर होणाऱ्या गायनाच्या सोहळ्यात १९७९ ते २०११ अशी सलग ३३ वर्षे ती गायली आणि मग तो क्रम तुटला. एखादी गायिका घरी बसली असती. हिने २०१४ च्या ऑगस्टमध्ये व्होकॅलॉइडसाठी रचलेली गाणी आपल्या गळ्यातून गाऊन त्यांची तबकडी काढली आणि टोकियोत हौशी प्रकाशकांच्या ‘कॉमिके’ या जत्रेत स्वतः उभे राहून विकली. २०१५ च्या ३१ डिसेंबरला ती पुन्हा त्या सोहळ्याच्या मंचावर आली आणि ‘सेन्बोन्झाकुरा’ हे २०११ सालचे, मूळ मिकूसाठी केलेले गाणे गायली.

एन्कात ‘कोबुशी’ नावाची हरकत असते, आपल्या मुरकीच्या जातीची. स्वराला एक झटकन वळसा देऊन गळा पुढे जातो. शिवाय लांबवलेल्या स्वरावर कंप असतो. प्रशिक्षित गळ्यात तो सेकंदाला पाच-सहा वेळा होतो. यंत्रासाठी लिहिलेल्या सुरावटीत यातले काहीच आपोआप येत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर कसे जायचे हे तिथे आकड्यांनी सांगावे लागते, न सांगितल्यास यंत्र सरळ रेघ मारते. माणूस ते गाऊ लागला की पहिला प्रश्न श्वासाचा. रचनाकाराने जागा ठेवलेलीच नाही, मग कोणत्या शब्दाचे शेपूट छाटायचे? दुसरा प्रश्न वळणांचा. कोरी ठेवलेली प्रत्येक वाट गायकाने आपल्या वळणाने भरायची असते. म्हणून एकच गाणे शंभर जणांनी गायले तर शंभर तऱ्हा होतात. माझ्या वर्गातला मुलगाही हेच करत होता. त्याने यंत्राचा सांधा आपल्या गळ्यात घडवला, फक्त त्याला मध्ये श्वास घ्यावा लागला.

अलीकडे तुकडे जोडण्याची पद्धत मागे पडत आहे. तासन्‌तास ध्वनिमुद्रण ऐकवून संगणकाला आवाजाची लकब शिकवता येते. २०२२ पासून व्होकॅलॉइडनेही हा मार्ग धरला आहे. मग सांधा कानाला कळत नाही आणि दुसरीच अडचण उभी राहते. फुजिताने आपला आवाज ठरवून दिला होता. न विचारता घेतला तर? २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने, त्यांच्या परवानगीविना असा कृत्रिम आवाज वापरण्यास अंतरिम मनाई केली. वर्गात हे सांगितले तेव्हा नेहमी गप्प असणारी मुलेही बोलायला लागली.

त्यांतल्या एका मुलीने विचारले, “टीचर, आमच्या कादोडीत का नाही बोलत गाडी?” वसईच्या पट्ट्यात कादोडी, वाडवळी, मांगेली, वारली अशा बोली घराघरांत आहेत. तुकडे जोडायचे असोत की संगणकाला शिकवायचे असो, आधी कोणीतरी बसून तासन्‌तास बोलून द्यावे लागते. मराठीसाठी असे ध्वनिमुद्रण संस्थांनी केले आहे. कादोडीसाठी कोण बसणार? ती म्हणाली, माझी आजी बसेल.

आजीने लग्नातले एक गाणे म्हटले. आम्ही वर्गात ते तीनदा ऐकले आणि श्वास मोजले. पहिल्या कडव्यात चार, शेवटच्या कडव्यात सात. एक श्वास तर शब्दाच्या मधोमध पडला होता. नक्कल करणाऱ्या मुलाने तो कापून दाखवला. गाणे सफाईदार झाले, पण ती मुलगी म्हणाली की आता ही आजी वाटत नाही. त्याने श्वास परत जोडून दिला. ते ध्वनिमुद्रण तिच्याच फोनमध्ये आहे. वर्गात ऐकवायला आजीने हो म्हटले होते, कोणाला पाठवायला नाही.