जाहिरात बघा, हिशेबही करा!

आमच्या वर्गात दारामागच्या भिंतीवर पेन्सिलीच्या सहा रेघा आहेत. एकीला एक चिकटून, इतक्या जवळ की लांबून एकच जाड रेघ वाटते. या रेघांची गोष्ट आधी ऐका.

गेल्या वर्षी माझ्या तिसरीच्या वर्गातला एक मुलगा दर शनिवारी शाळा सुटली की त्या भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. डोक्यावर पट्टी आडवी धरायची आणि मित्राने रेघ मारायची. मला वाटलं, असेल काहीतरी खेळ. सहाव्या शनिवारी मात्र स्वारी रेघांकडे बघत रडवेली उभी! जवळ बोलावून विचारलं, तेव्हा सगळं कळलं. टीव्हीवर दुधात घालायच्या एका पावडरीची जाहिरात लागायची. ती पिणारा मुलगा भराभर उंच होतो, बास्केटबॉलमध्ये जिंकतो, सगळे टाळ्या वाजवतात. यानेही हट्ट धरला, रात्री जेवायचाच नाही. त्याची आई शेतात मजुरीला जाते. तिने एका दिवसाच्या मजुरीहून जास्त पैसे मोडून डबा आणला. डबा संपला, पण जाहिरातीतल्यासारखं काहीच झालं नाही.

"बाई, माझ्यातच काही कमी आहे का हो?" त्याने विचारलं.

खरं सांगते, माझ्या पोटात कालवलं. डब्याबद्दल शंका घ्यायची सोडून पोराने स्वतःबद्दलच शंका घेतली होती! त्याच दिवशी मी ठरवलं, मुलांना धडा वाचायला शिकवतो तशी जाहिरातही वाचायला शिकवायची.

आता तुम्ही म्हणाल, "म्हणजे बाई, जाहिराती वाईटच का?" छे छे! काही जाहिराती इतक्या छान असतात की चाळीस वर्षांनीही लोक त्या विसरत नाहीत. तुमच्या आईबाबांना विचारा, "ललिताजी कोण?" बघा, लगेच हसतील. या ललिताजींची गोष्ट जाहिरात वाचायला शिकण्यासाठी फार उपयोगाची आहे. पण ती सुरू होते अहमदाबादला, एका सायकलवर.

करसनभाई पटेल हे गुजरात सरकारच्या खनिज खात्यात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी करत होते. १९६९ साली त्यांनी घरच्या घरी कपडे धुण्याची पिवळी पावडर बनवायला सुरुवात केली. नोकरीवर जाता-येता सायकलवरून दारोदार ती विकायची. पावडरीला नाव दिलं आपल्या लाडक्या मुलीचं. तिचं नाव निरुपमा, म्हणून पावडर झाली 'निरमा'. पुडीवर पांढऱ्याशुभ्र फ्रॉकमधली गिरकी घेणारी मुलगी आली.

त्या वेळी बाजारात 'सर्फ'चा दबदबा होता. १९५९ साली आलेली ही पावडर किलोला साधारण १३ रुपयांना मिळायची. निरमा मिळायची साधारण ३ रुपयांना! निरमात सोडा जास्त, त्यामुळे हाताला ती जरा जहाल होती. पण ज्या घरांत तोवर साबणाच्या वडीवरच भागत होतं, तिथेही आता पावडर येऊ लागली. वर रेडिओ-टीव्हीवर सोपं, नाचरं गाणं. पाचवीतल्या पोराला पाढे येत नसले तरी ते गाणं पाठ! निरमाची विक्री अशी वाढली की सर्फच्या कंपनीला चिंता पडली.

आता सर्फने काय करावं? भाव उतरवणं सोपं नव्हतं. मग मुंबईतल्या लिंटास या जाहिरात संस्थेचे प्रमुख अलेक पदमसी यांनी एक बाई उभी केली, ललिताजी. साधी साडी, करारी आवाज, बोलणं रोखठोक. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, पण भाजी मात्र निवडून चांगलीच घेणारी. आपल्या आईवरून ही ललिताजी सुचली, असं पदमसी सांगत. कविता चौधरी या अभिनेत्रीने ती इतकी झोकात रंगवली की लोकांना ती शेजारच्या वाड्यातली वाटू लागली. (याच कविताताईंनी पुढे १९८९ मध्ये दूरदर्शनवर 'उडान' ही पोलीस अधिकारी होणाऱ्या मुलीची मालिका केली. २०२४ साली त्या वारल्या.)

ललिताजींचं म्हणणं असं, की स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो. अर्धा किलो सर्फ एक किलो स्वस्त पावडरीइतके कपडे धुतं, मग महाग कुठे पडलं? गंमत बघा, निरमाचं नावही घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं!

ही गोष्ट मी वर्गात सांगितली आणि मुलांना म्हटलं, "पाट्या काढा. ललिताजी हिशेबाच्या पक्क्या ना? मग त्यांचाच हिशेब तपासू या."

मघाचेच सुरुवातीचे भाव घेतले. एक किलो सर्फ १३ रुपये, तर अर्धा किलो साडेसहा रुपये. एक किलो निरमा ३ रुपये. म्हणजे ललिताजींचं म्हणणं जसंच्या तसं मानलं तरी सर्फ दुपटीहून महागच! ललिताजींची जाहिरात १९८० च्या दशकातली आहे आणि तोवर भाव बदलले होते, हे खरं. पण रीत तीच. आणि हो, हात जळजळणं, कपड्याचा टिकाऊपणा, याही गोष्टी हिशेबात धराव्या लागतात. एखादी आई सर्फ घेईल, एखादी निरमा. दोघीही शहाण्या असू शकतात, फक्त त्यांनी हिशेब करून घेतलेलं असावं. पुढे सर्फच्या कंपनीनेही 'व्हील' नावाची स्वस्त पावडर बाजारात आणली, यातच काय ते आलं!

म्हणजे बघा, जाहिरातीत किती गोष्टी असतात. गाणं असतं, ते डोक्यात घर करतं. ओळखीचा वाटणारा चेहरा असतो, त्याच्यावर आपला विश्वास बसतो. छोटीशी गोष्ट असते, तिच्यात आपण स्वतःला बघतो. हे सगळं मजेने बघावं, कौतुकही करावं. पण या सगळ्यातून वस्तूबद्दल नक्की माहिती किती मिळाली, हे वेगळं काढून बघायचं. ललिताजी भाजी निवडून घेतात ना, तशीच आपण जाहिरात निवडायची.

मग आम्ही तो पावडरीचा रिकामा डबा वर्गात आणला आणि चार प्रश्न विचारले.

१) जाहिरात नक्की काय सांगते? 'उंच व्हाल' असं थेट म्हणते, की नुसतं उंच मुलगा दाखवते?
२) बारीक अक्षरांत काय लिहिलंय? डब्यामागे घटक लिहिताना ज्याचं वजन जास्त तो आधी, असा नियम आहे. आमच्या डब्यावर साखर पहिल्या तिघांत होती!
३) तेवढ्याच पैशांत दुसरं काय आलं असतं? मुलांनी गावातल्या दुकानात जाऊन भाव विचारले आणि अंडी, शेंगदाणे, गूळ, फुटाणे यांची यादी केली. ती पाटीवर मावेना.
४) हे घेतलं नाही तर मी कमी ठरेन, असं जाहिरात सुचवते का?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने फसव्या जाहिराती रोखण्यासाठी नियम केले. त्यांत मुलांसाठीच्या जाहिरातींबद्दल स्पष्ट लिहिलंय. पुरेसा शास्त्रीय पुरावा नसताना बुद्धी किंवा शारीरिक क्षमता वाढते, असं सांगायचं नाही. वस्तू नसलेल्या मुलाला कमी लेखायचं नाही. मुलांना आईवडिलांकडे हट्ट धरायला लावायचं नाही. फसवणूक झाली तर घरच्या मोठ्यांना १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आजकाल मोबाइलवर एखादा ताई-दादा गप्पा मारता मारता वस्तू दाखवतो, तीही बरेचदा पैसे घेऊन केलेली जाहिरातच असते. हे चार प्रश्न तिथेही चालतात बरं का!

आणि आता त्या रेघा. तुमच्या वयाची मुलं वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे महिन्याला जेमतेम अर्धा सेंटिमीटर. मी त्या मुलाच्या हातात पट्टी दिली आणि म्हटलं, "खालच्या रेघेपासून वरच्या रेघेपर्यंत मोज." मोजलं, तर अर्ध्या सेंटिमीटरहून थोडं जास्त भरलं!

"म्हणजे बाई, मी वाढलो?"

"वाढलास तर! डबा न पिणारे बाकीचेही असेच वाढतायत."

पोरगं खुदकन हसलं. यंदा तो चौथीत आहे. परवा पुन्हा भिंतीला पाठ लावून उभा राहिला. नवी रेघ त्या जाड रेघेच्या चांगली पाच सेंटिमीटर वर आली. मधल्या वर्षात घरी दुसरा डबा आला नव्हता. भाकरी, कालवण, शाळेतली खिचडी आणि संध्याकाळचा खो-खो, एवढंच.

तुम्हीही या रविवारी एक जाहिरात निवडा. गाणं आवडलं तर खुशाल गुणगुणा. मग वही काढा, हे चारही प्रश्न सोडवा आणि तो हिशेब आईबाबांना दाखवा. कुणास ठाऊक, तुमच्या घरातल्या ललिताजी तुम्हीच निघाल!