डॅशकॅम हार्डवायर करताय? आधी बॅटरीचं गणित बघा

डॅशकॅम लायटर सॉकेटवर लावला, की बऱ्याच गाड्यांत चावी काढल्यावर तो बंद. पार्किंगमध्ये कोणी गाडी घासून गेलं तर पुरावा शून्य. त्यासाठी हार्डवायर किट. बहुतेक किटमध्ये पिवळी वायर कायम करंट असलेल्या फ्यूजला, लाल चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या फ्यूजला आणि काळी बॉडीच्या बोल्टला. रंग मॅन्युअलमध्ये तपासा. एअरबॅगच्या फ्यूजला हात लावायचा नाही, प्लीज.

खरा खेळ बॅटरीचा. समजा, उभ्या गाडीत कॅमेरा ०.३ अँपिअर खातो. ४८ तासांत झाले १४.४ अँपिअर-तास. छोट्या हॅचबॅकची बॅटरी ३५ची धरा. शनिवार-रविवारमध्ये ४० टक्के साफ! बॅटरी जुनी असेल तर सोमवारी स्टार्टर नुसता टकटक करणार.

म्हणून किटमध्ये लो-व्होल्टेज कटऑफ असतो. ११.६ची सेटिंग दिसते, पण १२ व्होल्टलाच बॅटरी जेमतेम पाव उरलेली असते. मी १२.२च्या खाली जात नाही. रेकॉर्डिंग लवकर थांबतं. थांबू दे की! आणि बॅटरी चार वर्षांची झाली असेल, तर थेट १२.४ ठेवा.