आठव्या महिन्याचा तोल

जबलपुरात मदनमहालाच्या वाटेवर एका खडकावर दुसरा भलामोठा खडक जेमतेम टेकलेला आहे. बॅलन्सिंग रॉक. २२ मे १९९७ च्या पहाटे भूकंपानं शहर हादरलं, घरं पडली, पण हा जागचा हलला नाही. पाहुणे आले की जबलपूरकर त्यांना कौतुकानं तिथे नेतात. त्याच वाटेनं आठवा महिना लागलेली एखादी बाई भाजीची पिशवी घेऊन जात असेल, तर तिच्याकडेही बघावं. खडकाचं वजन बदलत नाही. हिचं दर आठवड्याला बदलतं, तेही फक्त पुढच्या बाजूला, आणि ही चालते आहे.

चार पायांच्या जनावराला हा पेच नाही. पोटाचा भार चारही पाय वाटून घेतात. दोन पायांवर उभ्या बाईला वाढतं पोट तोंडघशी पाडायला बघतं. मग ती नकळत मागे रेलते, कमरेचा बाक वाढवते. कॅथरीन व्हिटकम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं, की हा बाक ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. एवढ्या बाकात मणके एकमेकांवरून घसरायला हवेत. ते घसरत नाहीत, कारण पुरुषाच्या कमरेचा बाक दोन मणक्यांवर पेललेला असतो, बाईचा तीन मणक्यांवर. ताण एका जागी साचत नाही. वीस लाख वर्षांहून जुन्या ऑस्ट्रेलोपिथेकसच्या मणक्यांतही हा फरक सापडतो. ज्या कमरेला आपण नाजूक म्हणतो तिची वंशावळ ही अशी आहे!

तरीही कंबर दुखते. फिजिओथेरपिस्ट तो बाक काढायच्या मागे लागत नाही. कुल्ल्यांचे आणि पोटाच्या आतल्या थरातले स्नायू भार उचलायला लागले, की कमरेवरचा ताण हलका होतो, व्यायाम त्यासाठी. बाकीच्या गोष्टी साध्या असतात: अंथरुणातून कुशीवर वळून उठायचं, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यायची, सलवार एका पायावर तोल सांभाळत न घालता बसून घालायची. सांधे सैल पडण्याचं खापर रिलॅक्सिन या संप्रेरकावर फोडतात. फ्रेडरिक हिसॉ यांना १९२६ मध्ये ते गिनीपिगमध्ये सापडलं, आणि गिनीपिगच्या ओटीपोटाची हाडं त्यानं खरोखरच फाकतात. माणसात पुढच्या सांध्यातली फट दोन-तीन मिलिमीटरच वाढते, आणि रक्तातलं रिलॅक्सिन नि दुखणं यांचा मेळ नीटसा बसत नाही. पोटाच्या उभ्या स्नायूंची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. पोर्तुगालमधल्या एका अभ्यासात ३५ व्या आठवड्याला झाडून सगळ्या पहिलटकरणींच्या या दोन पट्ट्यांत फट पडलेली होती. तेव्हा ती दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. बाळंतपणानंतर बहुतेकींची ती बरीचशी भरून येते.

सगळ्यांत थक्क करतो तो पेल्विक फ्लोअर, म्हणजे मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून तोलून धरणारे स्नायू. बाळाचं डोकं बाहेर येताना यांतला सर्वांत आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो, असं मिशिगनच्या संशोधकांनी २००४ मध्ये संगणकावर मांडून दाखवलं. एरवी हाडांना जोडलेला स्नायू दीडपटीपुढे ताणला की फाटायला लागतो. पहिल्या महिन्यांपासून हे स्नायू आवळायचा व्यायाम शिकलेल्या बायकांमध्ये शेवटच्या दिवसांत लघवी गळण्याचं प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी कमी दिसलं. दिवस भरत आले की उलटं शिकायचं असतं: सैल सोडणं. आवळणं सोपं, सोडणं कठीण. म्हणून श्वास शिकवतात.

हे शिकवणं नवं नाही. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या मिनी रँडेल यांनी मार्गारेट मॉरिस या नर्तिकेबरोबर १९३६ सालीच बाळंतिणींच्या व्यायामाचं पुस्तक काढलं होतं. आपल्याकडे फिजिओथेरपीचं शिक्षण मुंबईच्या केईएममध्ये १९५० च्या दशकात पोलिओच्या साथीमुळे सुरू झालं. म्हणून की काय, मोडलेल्या हातापायांसाठीच फिजिओथेरपिस्ट असतात असं लोकांना अजून वाटतं.

आता बाळाची कसरत. आईच्या ओटीपोटाच्या हाडांची वाट वर आडवी रुंद, खाली उभी रुंद. डोकं उतरता उतरता वळवावं लागतं, आणि बहुतेक बाळं आईच्या पाठीकडे तोंड करून बाहेर येतात. त्यामुळे आईला स्वतः वाकून बाळ ओढून घेणं अवघड. माणसाला सुईण लागते ती यामुळे, असं काही मानववंशशास्त्रज्ञ मानतात. आई उताणी झोपली की माकडहाड गादीवर दाबलं जातं. गुडघ्यांवर किंवा उकिडवी बसली की त्याला मागे सरकायला जागा मिळते. कळांच्या पहिल्या टप्प्यात उभं राहणाऱ्या, चालणाऱ्या बायकांचा तो टप्पा सरासरी १ तास २२ मिनिटांनी कमी झाल्याचं अनेक अभ्यास एकत्र पाहता दिसतं. आपल्या आज्या जात्यावर, चुलीपुढे आयुष्यभर उकिडव्या बसल्या. खुर्चीवर वाढलेल्या नातींना तेच आता वर्ग लावून शिकायचंय, याची गंमत वाटते.

‘जड पावलांनी जास्त हिंडू नये’ म्हणणाऱ्या सासूबाईंचं सगळंच खोटं नाही. रक्तस्राव, पाणी जाणं, चक्कर, छातीत दुखणं यांपैकी काही झालं तर व्यायाम तिथेच थांबवून रुग्णालय गाठायचं. वार खाली असेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करू नये. इतरांनी मात्र वाट बघू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी असते. त्या दिवशी रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पाहून झालं, की उठण्याआधी एवढं विचारा: मी कोणता व्यायाम करू, आणि तो मला कोण शिकवेल?