ओट्याची फरशी : चकाकी नको, पकड हवी

पावसाळा सरला, सुगी आटोपली की गावात बांधकामं निघतात. घरात नवी टाइल बसवताना पुष्कळजणी म्हणतात, 'हीच ओट्यालाही टाका, छान दिसेल.' पण ओट्यावर आपण भांडी घासतो, धुणं धुतो, चिखलाचे पाय घेऊन येतो. गुळगुळीत टाइलवर साबणाचं पाणी पडलं की पाय सटकतो. तरण्या बाईला मुका मार लागेल. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, तर त्यांना अंथरूण धरावं लागतं. म्हणून बाहेरची फरशी निवडताना आधी पकड बघायची, मग रंग.

दुकानात जाताना पाण्याची बाटली न्या. नमुन्याच्या फरशीवर पाणी ओता आणि कुणाचा तरी हात धरून अनवाणी पाय घासून बघा. सरकला, तर ती फरशी बाहेर नको. पॉलिश न केलेली शहाबादी किंवा खरबरीत कोटा चांगली. काळा कडप्पा उन्हात फार तापतो, पाय भाजतात. टाइलच हवी असेल, तर बाहेरच्या वापराची खरबरीत टाइल मागा.

माप स्वतः घ्या. ओटा 12 फूट लांब, 8 फूट रुंद असेल, तर 96 चौरस फूट झाले. तुटफुटीसाठी दहावा हिस्सा जास्त धरा, म्हणजे साधारण 106 चौरस फूट.

आता काम सुरू झालं की तीन गोष्टींवर लक्ष ठेवा.

पहिली, भराव. मुरूम एकदम ओतू नये. थोडा थोडा टाकून, पाणी मारून, धुम्मस करून घ्यावा. त्यावर काँक्रीटचा थर हवा. भराव कच्चा राहिला, तर पुढं फरशी खचते.

दुसरी, ढाळ. गवंड्याला आधीच विचारा, 'दादा, ढाळ किती ठेवणार?' 10 फुटांना 2 इंच ढाळ पुरतो, आणि तो घरापासून बाहेरच्या बाजूला हवा. ओटा उंबऱ्यापेक्षा खाली ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी घरात शिरणार नाही.

तिसरी, फरशीखालचा माल. तो सगळीकडं सारखा पसरलेला हवा. माल सुकल्यावर लाकडाच्या दांड्यानं ठोकून बघा. पोकळ आवाज आला, तर ती फरशी पुन्हा बसवून घ्या. सांधे भरून घ्या आणि सात दिवस पाणी मारा.

गवंड्याचे शेवटचे पैसे देण्याआधी ओट्यावर दोन बादल्या पाणी ओता. कुठं डबकं साचलं, तर काम अजून बाकी आहे. बचत गटातून कर्ज काढून काम केलं असेल, तर ही तपासणी करायलाच हवी. हप्ता आपणच फेडणार आहोत.

ज्यांच्याकडं जुनी, गुळगुळीत झालेली शहाबादी आहे, त्यांनी ती उखडायची गरज नाही. जात्याला टाकी लावतात, तशी टाकी मारून ती खरबरीत करता येते. शेवाळ आलं तर खराट्यानं घासून काढा. ॲसिड मात्र टाकू नका. शहाबादी हा चुनखडीचा दगड, ॲसिडनं तो खातो.

तर मैत्रिणींनो, आज एवढं करा. आपल्या ओट्यावर एक बादली पाणी ओता, आणि ते कुठं जातं ते बघा.